स्वतःच्या हातचं रुचेना, बाहेरचं पटेना

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ४७. लग्नाला २२ वर्षं झाली. त्यातली पहिली १८ वर्षं मी स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जात होतो, सगळं बायकोच करायची. चार वर्षांपूर्वी सहज म्हणून एक सूप केलं, ते जमलं, आणि मग मी त्यात शिरलोच. चांगल्या सुऱ्या आल्या, वजनकाटा आला, थर्मामीटर आला. आता आठवड्यातले तीन-चार दिवस स्वयंपाक माझ्याकडे असतो. येणारे-जाणारे बोटं चाटतात.

पण सगळ्यांना वाढून मी ताटावर बसतो तेव्हा मला जेवावंसंच वाटत नाही. दोन घास चिवडतो आणि लोकांच्या तोंडाकडे बघत बसतो. बाहेर गेलो की वेगळीच तऱ्हा. समोर पदार्थ आला की माझ्या डोक्यात त्याचे सुटे भाग होतात. कांदा घाईत परतलाय, मीठ शेवटी घातलंय, हे तर मी घरी याहून बरं करतो. मी ते बोलूनही दाखवतो. गेल्या महिन्यात बायकोच्या वाढदिवसाला बाहेर जेवायला गेलो होतो. मी वेटरला बोलावून सांगितलं, की तुमच्या सॉसला दाटपणा पीठ लावून आणलाय, आटवून आणलेला नाही. माझी सोळा वर्षांची मुलगी चमचा खाली ठेवून म्हणाली, "बाबा, आज तरी नुसतं जेवा ना." त्यानंतर बायको दोनदा मैत्रिणींबरोबर बाहेर जेवून आली. मला विचारलंही नाही.

घरातही ती मदतीला आली की खटके उडतात. तिनं चिरलेल्या कांद्याचे तुकडे लहान-मोठे असतात, ते एकसारखे शिजत नाहीत, म्हणून मी ते पुन्हा चिरतो. त्यात राग येण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

स्वतःच्या हातचं मला का रुचत नाही? बाहेर जाणं बंदच करावं का? आणि पूर्वी मी जे मिळेल ते मिटक्या मारत खायचो, ते परत येईल का?

एक बिघडलेला खवय्या

*

खवय्येसाहेब, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सॉसपाशी थांबले, दुसऱ्यांदा कांद्यापाशी. सॉसचं आधी बघू. कांद्याकडे शेवटी येते, कारण गोम तिथं आहे असा माझा वहीम आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नात तुमचा दोष फारसा नाही. ती करामत नाकाची आहे. खात्री करायची असेल तर हा उद्योग करून बघा. चिमूटभर साखरेत चिमूटभर दालचिनीची पूड मिसळा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि ते मिश्रण जिभेवर ठेवा. गोड लागेल, जरा खरखरीत लागेल, आणि बस्स. दालचिनीचा पत्ताच नसेल. दहा सेकंदांनी नाक सोडा. दालचिनी अशी अंगावर येते, की आत्ताच कुणीतरी शेजारी डबा उघडला असावा. मुलीला करायला लावा, तिला मजा वाटेल.

जिभेला येतं ते थोडकंच: गोड, खारट, आंबट, कडू, आणि पाचवी ती मांसल, भरीव चव, जिला उमामी म्हणतात. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून तिचं मूळ शोधून काढलं. टोमॅटो, मशरूम, मुरवलेलं चीज यांत ती असते. बाकी आपण ज्याला 'चव' म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. आपण चावतो तेव्हा घासातला वास घशाच्या मागून वर नाकात चढतो, आणि मेंदू तो जिभेच्या खात्यावर मांडतो.

आता नाकाची एक खोड अशी, की एकाच वासात ते काही मिनिटं राहिलं की त्याची दखल घेणं सोडून देतं. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्यांना दारातच येतो, तसं. तुम्ही दोन तास त्या वाफेत उभे राहता. ताटावर बसता तेव्हा तुमच्या नाकासाठी तो पदार्थ जवळजवळ संपलेला असतो. बाहेरून आलेला माणूस दार उघडतो आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तोच वास तुम्हाला भिंतीच्या रंगासारखा झालेला असतो.

त्यात भर चाखण्याची. तुमच्यासारखा काटेकोर माणूस किती वेळा चाखत असेल याचा मला अंदाज आहे. १९८१ साली बार्बरा रोल्स या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक पदार्थ खायला दिला, आणि मग तो पदार्थ आणि न खाल्लेले दुसरे पदार्थ किती आवडतात ते पुन्हा विचारलं. खाल्लेल्या पदार्थाची आवड घसरली, न खाल्लेल्यांची फारशी हलली नाही. पोट तुडुंब भरल्यावरही गोडाला जागा निघते ती यामुळेच. तुमच्या बाबतीत ही घसरण ओट्याशीच उरकलेली असते. बारा वेळा अर्धा-अर्धा चमचा, म्हणजे सहा चमचे झाले. पाहुण्यांचा पहिला घास असतो तेव्हा तुमचा तेरावा असतो.

यावर इलाज आहेत आणि ते अगदी साधे आहेत. गॅस बंद केला की लगेच वाढायला घेऊ नका. पदार्थ झाकून ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं घराबाहेर पडा. जिना उतरा, चढा, मोकळ्या हवेत उभे राहा. शर्ट बदला, कारण अर्धा स्वयंपाक त्यालाच लागलेला असतो. मग दारातून आत या. बरेचसे पदार्थ वीस मिनिटांत बिघडत नाहीत, उलट सावरतात. जे बिघडतात, म्हणजे कुरकुरीत, तळलेले, ते करायच्या दिवशी तुम्ही जेवणार नाही असं धरूनच चाला.

दुसरं, चाखणं कमी करा आणि शेवटचं मीठ दुसऱ्या कुणाला तरी चाखायला सांगा. हे तुम्हाला जड जाईल, तरी सांगते. तुमची जीभ त्या घटकेला थकलेली असते, म्हणजे तुमचाच निवाडा सगळ्यात कमी भरवशाचा असतो. घाऊक चाखणाऱ्यांचे पदार्थ शेवटी खारट होतात ते का, याचं उत्तर मला तरी इथं मिळालं.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. ताटात एक गोष्ट अशी ठेवा, की जी तुम्ही स्वयंपाक करताना चाखलेलीच नाही, हुंगलेलीही नाही. कच्ची काकडी, पिळायचं लिंबू, भाजलेले तीळ, मूठभर ताजा पाला, काहीही. ती जेवताना ताटातच चिरायची, ताटातच पिळायची. तुमच्या थकलेल्या नाकाला तेवढं एक नवं काहीतरी मिळतं, आणि त्याच्या आधारानं बाकीचंही जागं होतं.

आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी खाऊन बघा. आदल्या रात्री तुम्ही ज्याला नाकं मुरडली तेच दुसऱ्या दुपारी एवढं चांगलं कसं लागतं म्हणून तुम्ही चकित व्हाल. थोडं श्रेय मुरण्याचं, पण बरंचसं तुमच्या ताज्या नाकाचं. फक्त ते उरलेलं दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये टाका. खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि जिवाणूंना कोमट फार आवडतं. भाताच्या बाबतीत तर हे जास्तच पाळा.

माझीच एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मी आठ माणसांना जेवायला बोलावलं आणि पाच पदार्थ करायला घेतले, त्यातले तीन पहिल्यांदाच. सकाळी सातला सुरुवात केली. संध्याकाळी लोक जेवले, वा वा झाली, मी एक घास या वाटीतला, एक घास त्या वाटीतला असं करत नाटक वठवलं. सगळे गेल्यावर रात्री साडेअकराला भांडी बघत ओट्याशी उभी होते. कोपऱ्यात एक उकडलेला बटाटा राहून गेला होता, पार गार झालेला. तो हातानं फोडला, वर मीठ भुरभुरलं आणि उभ्यानं खाल्ला. दिवसभरातला तेवढाच एक घास मला खरा लागला. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात ते मला त्या बटाट्यानं शिकवलं. तेव्हापासून पाहुणे असले की मी एकच पदार्थ मन लावून करते आणि बाकी ताटात साधं असतं. पाहुण्यांना फरक पडलेला नाही. मला पडलाय.

जाता जाता: तुमची भूक कुठे जाते तेही बघा. दुपारी चारला काहीतरी तोंडात टाकायचं, मग चाखत राहायचं, मग जेवायला बसून 'रुचत नाही' म्हणायचं, यात रुचीचा काय गुन्हा?

आता हॉटेल.

तुमचं म्हणणं, की हे मी घरी याहून बरं करतो. करत असाल, मी वाद घालणार नाही. पण हॉटेलचं स्वयंपाकघर तुमच्या स्वयंपाकघराचा मोठा भाऊ नव्हे. ती वेगळ्याच जातीची यंत्रणा आहे, आणि तिच्याकडून घरच्यासारखं मागणं म्हणजे आगगाडीला गल्लीत वळ म्हणण्यासारखं आहे.

आचेचंच बघा. घरच्या गॅसची मोठी शेगडी साधारण ३ किलोवॉट उष्णता देते. मोठ्या कढईत धडाधड परतणाऱ्या व्यावसायिक शेगड्या याच्या दहापट देणाऱ्याही असतात. याचा परिणाम कुठे दिसतो? पाव किलो मशरूम घरच्या तव्यावर एकदम टाका. त्यांचं पाणी सुटतं. जोवर ते पाणी तव्यात आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि भाजल्याचा तो तपकिरी रंग, तो खमंगपणा यायला १४० अंशांच्या आसपास जावं लागतं. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली जी क्रिया वर्णन केली ती हीच: साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेनं एकमेकांशी भिडतात आणि त्यातून शेकडो नवे वास जन्माला येतात. घरच्या तव्यावर मशरूम तोवर स्वतःच्याच पाण्यात उकडून करडे होऊन बसतात. हॉटेलच्या शेगडीवर ते पाणी सुटायच्या आधीच उडून गेलेलं असतं. (घरी करायचं असेल तर निम्मे-निम्मे टाका आणि पहिली तीन मिनिटं ढवळू नका. हे तुम्हाला माहीत असणारच, पण पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी.)

तिथं माणसंही वेगळ्या तऱ्हेनं उभी असतात. एक जण फक्त सॉस बघतो, एक फक्त भाजतो, एक फक्त थंड पदार्थ लावतो. ही वाटणी शिस्तीत बसवण्याचं श्रेय ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याला देतात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. तुम्ही घरी एकटे आहात. आठ तास मंद उकळलेला रस्सा, तीन तऱ्हेची लोणी-तेलं, सकाळीच चिरून ठेवलेल्या बारा भाज्या, हे सगळं एका ताटासाठी कुणी घरी करत नाही. हॉटेलात ते शंभर ताटांसाठी होतं म्हणून परवडतं.

आणि आता तुमचा तो सॉस. पीठ लावून दाट केला होता, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पण का केला असेल याचा विचार केलात का? सॉस आटवायला वीस मिनिटं जातात, आणि आटवलेला सॉस गरम राहावा म्हणून शेगडीवर ठेवला की आणखी आटतो, खारट होत जातो. संध्याकाळी सातला केलेला रात्री साडेदहाला डांबर झालेला असतो. पिठाचे कण गरम पाण्यात फुगतात आणि पाणी धरून ठेवतात, म्हणून तो सॉस पहिल्या टेबलाला जसा गेला जवळजवळ तसाच शेवटच्या टेबलाला जातो. तुम्हाला जी लबाडी वाटली ते एका अडचणीचं उत्तर होतं. फार उत्तम उत्तर नसेलही. पण वाढदिवसाच्या टेबलावर वेटरला सुनावण्याइतकं वाईट नव्हतं, आणि त्या बिचाऱ्यानं तो सॉस केलाही नव्हता.

उलट बाजूनं, घरी जे होतं ते हॉटेलला कधीच जमणार नाही. तव्यावरून थेट ताटात आलेलं अंडं, ज्याचा पिवळा भाग अजून थरथरतोय. हॉटेलात ते खिडकीत थांबतं, ट्रेमध्ये चालतं, टेबलावर दुसऱ्यांचं यायची वाट बघतं. चार-पाच मिनिटं गेली, आणि अंड्यासाठी चार-पाच मिनिटं म्हणजे एक जन्म. किंवा टोमॅटो घ्या. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेल्या टोमॅटोचा सुगंध घटतो आणि बाहेर काढून ठेवला तरी पूर्वीसारखा परत येत नाही. साठा करावा लागणाऱ्या स्वयंपाकघराला ते टाळणं अवघड आहे. तुम्ही मात्र चार टोमॅटो टोपलीत ठेवून, पिकले त्या दिवशी चिरून, मीठ लावून खाऊ शकता. त्याला कसलंच कौशल्य लागत नाही, म्हणूनच तुम्ही ते करत नसाल अशी मला शंका आहे.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बाहेर जाणं बंद करू नका, मागवणं बदला. तुम्हाला येतं ते मागवू नका. एवढा एकच नियम केलात तरी निम्मी भांडणं मिटतील. ज्याला मोठी आच लागते, जे आठ तास उकळतं, ज्याला तुमच्याकडे नसलेली भट्टी लागते, ज्याचं नावच तुम्हाला कळत नाही, ते मागवा. माहीत नसलेल्या पदार्थाचे सुटे भाग करता येत नाहीत. वेटरला "इथं चांगलं काय?" असं विचारलंत तर "सगळंच" हे उत्तर ठरलेलं आहे. "तुमची सुट्टी झाल्यावर तुम्ही स्वतः यातलं काय खाता?" असं विचारा. तो क्षणभर थांबेल, हसेल, आणि मग कामाचं काहीतरी सांगेल. त्यानं कदाचित तुमचा तो सॉसही विसरावा.

ऐन गर्दीच्या तासाला जाऊ नका. तेव्हा भटारखाना धापा टाकत असतो. आणि स्पीकरच्या खाली बसू नका. ही माझी चिडचिड नाही (चिडचिड आहेच, पण ती वेगळी): विमानात असतो तसल्या मोठ्या, अखंड आवाजात गोड चव मंद लागते असं प्रयोगांत दिसलंय. कानांचा जेवणाशी संबंध आपण समजतो त्याहून जवळचा आहे. झाम्पिनी आणि स्पेन्स या दोन संशोधकांनी लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे काप खायला दिले आणि त्यांच्या स्वतःच्या चावण्याचा आवाज वाढवून त्यांनाच ऐकवला. तेच काप लोकांना जास्त ताजे, जास्त कुरकुरीत वाटले. या उद्योगाबद्दल दोघांना २००८ साली इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. मी तेव्हापासून कोपऱ्यातलं टेबल मागून घेते.

पदार्थ खरोखरच बिघडलेला असेल, आतून कच्चा, आंबलेला, गारढोण, तर मात्र बोलाच. लगेच बोला, हळू बोला, अर्धा संपवल्यावर नको. "हे जरा गरम करून मिळेल का" एवढं पुरतं. त्यात व्याख्यान नको.

व्याख्यानावरून आठवलं. "हे मी घरी याहून बरं करतो" हे वाक्य तुम्ही टेबलावर कुणाला उद्देशून म्हणता? हॉटेलवाला ते ऐकत नाही. ऐकतात बायको आणि मुलगी, आणि त्यांना ते आधीच माहीत आहे, त्या आठवड्यातून चार दिवस तुमच्या हातचं खातात. मग ते वाक्य उरतं फक्त एका कामाचं: त्यांनी जेवण थांबवून "हो ना, तुमचंच छान असतं" असं म्हणावं. वाढदिवस तिचा, आणि शाबासकी तुम्हाला हवी. रागावू नका, पण मुलीनं चमचा ठेवला तो सॉससाठी ठेवला नाही.

एक शब्द तुमच्या पत्रातून माझ्या डोक्यात राहिलाय: "मला विचारलंही नाही". बायको मैत्रिणींबरोबर जेवून आली, त्याचं तुम्हाला लागलं. जिनं १८ वर्षं रोज दोन वेळा स्वयंपाक केला तिला बाहेर जेवणं म्हणजे काय असतं, ते जरा तिच्या खुर्चीत बसून बघा. तिला सॉसशी घेणंदेणं कमीच. आपण बसलोय, कुणीतरी आणून वाढतंय, संपल्यावर ताट उचलून नेतंय, आणि उद्या काय करायचं याचा विचार डोक्यात नाही. ही आयतं खाण्याची चैन आहे आणि तिच्यात कमीपणा काही नाही. तुम्ही शेजारी बसून तपासणी सुरू केलीत की तिचं ते टेबल पुन्हा स्वयंपाकघर होतं. मैत्रिणी तपासणी करत नाहीत.

आता कांदा.

तुम्ही लिहिलंय, की तिनं चिरलेला कांदा तुम्ही पुन्हा चिरता आणि यात राग येण्यासारखं काय ते कळत नाही. तुकडे लहान-मोठे असले की लहान आधी करपतात आणि मोठे कच्चे राहतात, हे खरंय. चांगल्या रंगावर कांदा आणायला अर्धा-पाऊण तास मंद आचेवर लागतो, तेव्हा एकसारखेपणाचा फायदा होतो, तेही खरं. पण त्या घरात १८ वर्षं जो कांदा चिरला गेला तो तिचाच होता, आणि तेव्हा तुम्ही मिटक्या मारत जेवत होतात. हे तुम्हीच लिहिलंय, मी नाही. तेव्हाही तुकडे लहान-मोठेच होते. काही करपायचे, गोड-कडू लागायचे, काही जरा कचकचीत राहायचे, आणि त्यातच ती चव होती, जिला आपण अमक्याच्या हातची म्हणतो. तिच्या समोर तोच कांदा पुन्हा चिरणं म्हणजे १८ वर्षांना एका फटक्यात नापास करणं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. तुमच्याकडे आवडतीचंही व्हायला लागलंय, तेवढं सांभाळा.

आणि माझा वहीम तो हाच. तुमच्या पत्रात दोनच जेवणं आहेत, तुम्ही केलेलं आणि विकत घेतलेलं. तिसऱ्याचं त्यात नावच नाही: घरचं, पण दुसऱ्याच्या हातचं. उरलेल्या तीन-चार दिवशी बायको करते, असं तुमच्याच हिशेबावरून दिसतं, पण त्या जेवणांबद्दल पत्रात एक ओळ नाही. कसं लागतं ते? तुम्ही जेवता, की तेव्हाही भिंग लावून बसता? पूर्वीचं मिटक्या मारणं परत येईल का, असं विचारलंत. तेव्हा तुम्ही केव्हा मिटक्या मारत होतात बघा: दिवसभराचं काम करून भुकेले घरी यायचात, स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नसायचं, ताजं नाक घेऊन थेट ताटावर बसायचात. जे हवंय ते सगळं तिथं होतं. ते परत आणायला नवी सुरी लागत नाही.

म्हणून या आठवड्यात एक दिवस मुलीला करू द्या. काहीही, अंडं, सूप, साधा भात आणि एक भाजी. ती विचारेल तेवढंच सांगा, विचारलं नाही तर तेवढंही नको. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या बाहेर, आणि शक्य असेल तर घराच्याच बाहेर. चारचं खाणं त्या दिवशी बंद. काही करपल्याचा वास आला तरी आत धावायचं नाही. धूर झाला तर वेगळी गोष्ट. ताटावर बसलात की पहिले चार घास तोंडातून शब्द काढायचा नाही, स्तुतीचाही नाही. मुलं तोंडदेखली स्तुती ओळखतात. पाचव्या घासाला एकच प्रश्न विचारायची मुभा: "हे कसं केलंस?" हाच प्रश्न हॉटेलातही चालतो. 'काय चुकलंय' शोधणारी जीभ आणि 'कसं केलंय' शोधणारी जीभ एकच, शिकलेलं सगळं तिथंही कामाला येतं. फक्त टेबलावरची माणसं उठून जात नाहीत.

मग पुढच्या खेपेला बायकोला विचारा कुठे जायचं ते. जागा तिची, टेबल तिचं, मागवणंही तिचंच, तुमच्यासाठीसुद्धा. मेन्यू हातात घेऊ नका. थर्मामीटर घरी ठेवा. तुम्ही तो बाहेर नेत असाल असं मी म्हणत नाही, पण पत्र वाचून खात्रीही देता येत नाही.

आणि कांद्याबद्दल तिची माफी मागायची असेल तर शब्दांत मागू नका, तुम्हाला ते सराईतपणे जमणार नाही. एका संध्याकाळी तिच्यापुढे कांदा आणि चिरायची फळी ठेवा, आणि ती जसा चिरेल तसाच उचलून तव्यात टाका.

कसं झालं ते जरूर कळवा. शक्यतो मुलीला लिहायला सांगा.